डोहात न पडलेला चेंडू

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझ्यातला वारा केव्हाच गेला आहे, मोठ्यानं बोलणं आता जमत नाही. पण गोष्ट सांगेन, आणि ती आमच्या केरबाची सांगेन.

मी एक जुना फुटबॉल आहे. चामड्याचे तुकडे हातानं शिवून माझं अंग झालं, आत रबराचा फुगा बसवला, तोंडाला वादी ओवली. फौजेतून सुट्टीवर आलेल्या नाथाजींनी मला ट्रंकेत घालून रहिमतपूरला आणलं आणि शाळेला देऊन टाकलं. १९७४ साल होतं ते. तेव्हापासून लाथा खाणं हाच माझा नित्यनेम. तक्रार नाही, ज्याचा जन्म ज्यासाठी. पण अंग दुखायचं हो! पावसात भिजून मी दगडासारखा जड व्हायचो, उन्हात तडकायचो. खेळ संपला की पोरं मला तसाच टाकून घरी पळायची. मागे राहायचा तो एकटा केरबा, आमचा गोलकीपर. धोतराच्या फडक्यानं तो मला पुसायचा, घरून आणलेलं करडईचं तेल चोळायचा. बोलणं मात्र फार कमी. वर्गात उभं केलं की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

असो. पूर्वरंग पुरे, आख्यानाला लागतो.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात विष्णुपंत सरांनी कालियामर्दनाचं नाटक बसवलं आणि चेंडूच्या कामासाठी मला नेलं. कृष्णाच्या हातातला चेंडू! एवढ्या लाथांचं सार्थक झालं, असं वाटलं मला. केरबाकडे पेंद्याचं काम होतं, कारण पेंद्याला एकच वाक्य होतं : "किस्ना, चेंडू डोहात पडला रं!"

दोन पोरं निळी लुगडी धरून यमुना हलवत होती. कृष्णानं मला भिरकावलं. मी डोहाकडे निघालो, आणि केरबानं सूर मारून मला वरच्यावर झेललं!

सवय हो, दुसरं काय? चेंडू अंगावर आला आणि हात गेले. बिचारा कालिया लुगड्यांखाली वाट बघत बसला. कृष्ण उडी कशासाठी मारणार? मंडपातून कोणीतरी ओरडलं, "आरं सोड की गड्या, देव खोळंबलाय!" माणसं हसून हसून लोळली.

हेडमास्तर तेवढे हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात सांगलीला सामना होता. "या चेंडूपायी पोरांना दुसरं काही सुचेनासं झालंय. सामना रद्द," ते म्हणाले. केरबाचा चेहरा उतरला. वर्षभर तो त्या एका सामन्यासाठी जगला होता. विष्णुपंतांनी रदबदली केली, तेव्हा कुठे एक तोड निघाली. दुसऱ्या दिवशी वादविवाद होता, विषय 'शाळेत खेळ नकोत'. खेळाच्या बाजूनं केरबानं बोलायचं. सभेला पटलं तर सांगली, नाहीतर नाही.

आधी शरयू बोलली. हुशार पोर, लाह्या फुटाव्यात तशी बोलली. "फुटबॉलनं गणित सुटतं का?" म्हणाली आणि टाळ्या घेऊन बसली. मग केरबा मला पोटाशी धरून उभा राहिला. त्याच्या छातीची धडधड मला कळत होती. शब्द काही येईना.

"काल चेंडू सोडंना, आज तोंड सोडंना!" मागून टोमणा आला.

तेव्हा तो बोलला. "शरयू म्हंती, खेळानं नुकसान हुतं. मग मला सांगा, किस्नदेव खेळायलाच गेला नसता, तर चेंडू डोहात पडला असता का? देवानं उडी मारली असती का? काल मी चेंडू धरला, तवा बघितलं न्हवं तुमी? कालिया हाय तिथंच बसून राहिला!"

 मग जो हशा आणि टाळ्या! शरयूसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि होकाराची मान डोलावली.

सांगलीला आम्ही गेलो. बरोबरीत सामना चालला होता. अगदी शेवटी एका दणक्यात माझा टाका उसवला, वारा सुटला, आणि मी वाकडा वळून केरबाच्या बोटांखालून आत गेलो. उसवलेला टाका कोणी पाहिलाच नाही. परतीच्या एस.टी.त पोरं म्हणाली, "नाटकात धरतोस आन् सामन्यात सोडतोस व्हय रं?"  केरबा मला मांडीवर घेऊन उसवलेला टाका बोटांनी दाबत बसला होता.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला नकाशांच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. बाहेरून केरबाचा आवाज आला, "आवं सर, चेंडू द्या की. टाका घालून आणतो."

"आधी अभ्यास. पुढच्या वर्षी बघू."

तो पुन्हा आला, पुन्हा तेच उत्तर मिळालं. मग त्याचा आवाज यायचा थांबला. शाळा सोडून तो तासगावला मामाच्या द्राक्षमळ्यात कामाला लागला, असं शिपायांच्या बोलण्यातून कळलं. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. मी अंधारात आक्रसत गेलो. आता तर कुणी पाय लावला तरी उसळी मारायचं त्राण नाही.

मित्रांनो, खेळून झाल्यावर चेंडू पुसून ठेवा, टाका वेळेवर घाला. आणि कोणी हरून आलं, तर त्याच्या हातातला चेंडू कुलपात टाकू नका. चामड्याला टाका घालता येतो, माणसाचा वारा गेला तर कुठून भरणार? मला विसरलात तरी चालेल. पण देवापुढे हात जोडाल, तेव्हा तासगावच्या मळ्यातल्या आमच्या केरबाची तेवढी आठवण ठेवा.