नववा सामना

टोबिनने शिडीच्या वरच्या पायरीवर तोल सावरत सहाचा शेवटचा आकडा खिळ्यावरून काढला आणि खाली बादलीत सोडला. हंगाम संपला की गुणफलकावरचे पत्र्याचे आकडे धुऊन, पुसून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे. हे काम त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि म्हणूनच ते त्याला प्रिय होते. यारानूकचे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे लंबगोल मैदान ओस पडले होते. कुंपणापलीकडे मोहरीसारख्या कॅनोलाची शेते पिवळीधमक झाली होती, आणि वाऱ्याबरोबर तिकडून मधासारखा जड वास येत होता.

"टोबिन रेटॅलिक! उतर खाली. मान मोडलीस तर पुढच्या वर्षी आकडे काय मी लावू?"

नोरीन पास्को फाटकातून येत होत्या. त्या क्लबच्या अध्यक्ष. शिवाय दर शनिवारी कँटीनच्या खिडकीत उभ्या राहून भोपळ्याचे सूप विकणाऱ्याही त्याच.

"आढावा लिहून झाला?"

"जवळजवळ."

"छान. यंदा तो तूच वाचायचास."

खाली उतरून आकडा पुसणाऱ्या टोबिनच्या हातातला फडका थांबला. सहा वर्षे हंगामाचा आढावा तो लिहीत होता आणि वार्षिक जेवणाच्या वेळी नोरीन तो वाचून दाखवत होत्या. लिहिणारा मागच्या बाकावर बसून आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकत असे, आणि त्यात त्याला एक सुरक्षित सुख होते.

"मी? नोरीन, माझा आवाज..."

"तुझा आवाज मी ऐकलाय. फलकामागे एकटाच समालोचन करतोस ना, ते आख्ख्या गावाला ऐकू येतं. आणि तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. माझे डोळे आता मुंग्या मोजायचे राहिले नाहीत. रविवारी, बारा वाजता, हॉलमध्ये. आणि शर्टाला इस्त्री कर."

त्या गेल्या. टोबिन बादलीशी उकिडवा बसला. चारचौघांत वाचायची भीती होतीच. पण तिच्या मागे दुसरी एक गोष्ट उभी होती, आणि तिचे नाव होते नववा सामना.

हंगामात सोळा सामने झाले, त्यांतले पंधरा यारानूकच्या काकाकुव्यांनी गमावले. काकाकुवे हे क्लबचे नाव. जर्सीही तशीच, पोटावर गुलाबी, पाठीवर राखाडी. सोळाव्याआधी तर तीन वर्षांत एकही विजय नव्हता. पण हरण्याच्याही किती तऱ्हा असतात हे बाहेरच्याला समजायचे नाही. दुसऱ्या सामन्याला अठराऐवजी सतराच खेळाडू जमले, तेव्हा रस्ता विचारायला थांबलेल्या दुधाच्या टँकरच्या चालकाला जर्सी चढवली. त्याने एक गोल केला, आणि तो गॅव्हिन त्यानंतर दर शनिवारी येऊ लागला. पाचव्या सामन्यात असे धुके उतरले की पलीकडचे टोक दिसेना. आपला गोल झाला की मैदानाच्या कठड्याला नाक लावून उभ्या असलेल्या मोटारी हॉर्न वाजवतात; टोबिनने त्या दिवशी हॉर्न ऐकून आकडे बदलले. सातव्या सामन्याच्या मध्यंतरात कप्तानाला मुलगी झाल्याचा फोन आला, आणि उरलेला अर्धा खेळ सगळे हसत हसत हरले. हे सारे त्याने लिहिले होते, आणि लिहिताना कितीदा तरी एकटाच हसला होता.

नवव्या सामन्याला गाठ होती ब्रिमडेलशी, म्हणजे तक्त्यात सर्वांत वर असलेल्या शेजाऱ्यांशी. शेवटच्या मिनिटाला ब्रिमडेलचे अठ्ठावन्न गुण होते, यारानूकचे पंचावन्न. चेंडू ह्यूई डन्स्टनच्या हातात होता. ह्यूई गावचा बेकरीवाला, एकेचाळीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधलेला. चाळीस मीटरवरून मारायचे होते. चार खांबांपैकी मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू काही न शिवता गेला तर सहा गुण. खांबाला नुसता लागला तरी एकच. हिवाळ्यातले उतरते ऊन ह्यूईच्या पाठीमागून गोलवर येत होते. चेंडू वर गेला, उन्हात विरघळला, आणि गोलमागे फलकापाशी उभ्या असलेल्या टोबिनने तो आवाज ऐकला.

टक्.

दाराच्या कडीला अंगठी लागावी, एवढाच. उजव्या खांबाच्या टोकावर बसलेला पक्षी फडफडून उडाला. मग गोलच्या रेषेवरचे वृद्ध पंच, पांढऱ्या कोटातले ऑस्कर लिंडनर, पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही झेंडे उंच हलवले. गोल! प्रत्येक क्लबने एकेक गोल-पंच द्यायचा असतो. लिंडनर ब्रिमडेलचे होते. मैदानाभोवती हॉर्नचा असा कल्लोळ उठला की टोबिनच्या हातांनी सहाचा आकडा आपोआप उचलला. भोंगा झाला. एकसष्ट, अठ्ठावन्न. ह्यूई टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडला. नोरीननी उरलेले सूप सगळ्यांना फुकट वाटले. तीन वर्षांनी क्लबचे गाणे गायला मिळाले, तर निम्म्या पोरांना त्याचे शब्दच येत नव्हते. त्यांनी नुसता सूर लावून छत दणाणून सोडले.

चेंडू खांबाला लागला होता. म्हणजे एकसष्ट नव्हे, छप्पन्न. म्हणजे गमावलेले सामने पंधरा नव्हेत, सोळा.

आढाव्यातले ते पान त्याने अकरा वेळा लिहिले. खरे लिहावे तर गावाचा एकुलता एक विजय स्वतःच्या हाताने पुसायचा, आणि एका म्हाताऱ्या माणसाची चूक भरल्या हॉलमध्ये मांडायची. न लिहावे तर धुके, टँकर, कप्तानाची मुलगी, सगळ्याच ओळी कुठेतरी आतून पोकळ होत होत्या. आपण सोडून हे कुणालाच ठाऊक नाही, या विचाराने त्याला कित्येक शनिवार एकटे पाडले होते.

शनिवारी सकाळी तो बेकरीत गेला. ह्यूई ट्रेमधून बन काढत होता.

"ह्यूई, तो नवव्या सामन्यातला गोल..."

"कुठला गोल?" ह्यूई म्हणाला. गेले तीन महिने पावाबरोबर त्या गोलची हकिगत गिऱ्हाइकाला मिळतच असे.

"शेवटचा. मारल्यावर तुला काय वाटलं?"

ह्यूईने भट्टीकडे पाहिले, मग छताकडे.

"वाटलं? गुडघा गेला वाटलं. हा घे, क्रीमचा आहे, गरम आहे. आणि उद्या लांबण लावू नकोस लेका, लोकांना भुका लागतात."

आणि तो आतल्या खोलीत गेला, जिथे त्याचे काही काम नव्हते. कौतुकाने लाजला असेल, टोबिनला वाटले. लाजणे त्याला समजत असे.

रविवारी हॉलमध्ये लांब टेबलांवर कागदी आच्छादने पसरली होती. भाजलेल्या मेंढीचा आणि पुदिन्याचा वास खिडक्यांपर्यंत भरला होता. शेजारच्या क्लबांच्या गोल-पंचांनाही जेवायला बोलवायचे ही नोरीनची पद्धत. तिसऱ्या टेबलाशी ऑस्कर लिंडनर आणि त्यांची बायको हेडविग बसली होती. दारातच ऑस्करनी टोबिनचा हात हातात घेऊन त्याच्याकडे एक बरणी दिली होती.

"हेडविगने मुरवलेल्या काकड्या. बारीक झालास रे पोरा. लिहिण्याने माणूस बारीक होतो का?"

ती बरणी आता त्याच्यासमोर टेबलावर होती. त्याने कागद उघडले आणि वाचायला सुरुवात केली.

"आवाज!" मागून कुणीतरी ओरडले. "आढावा आहे की प्रार्थना?"

हशा झाला. टोबिनही हसला, आणि त्या हसण्यात त्याचा घसा मोकळा झाला. टँकरची गोष्ट आली तेव्हा गॅव्हिनने उठून कमरेत वाकून सलाम केला. धुके आले, कप्तानाच्या मुलीला टेबलांवरून हातोहात फिरवून झाले. मग नववा सामना आला. ह्यूई, गुडघे, ऊन.

"चेंडू वर गेला," टोबिनने वाचले. त्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. तिथे पोहोचल्यावर आपल्याला काय ते कळेल, असे त्याला वाटले होते.

त्याने त्या कोऱ्या भागावर तळवा ठेवला.

"मी फलकापाशी होतो," तो म्हणाला. आता तो वाचत नव्हता. "मला आवाज आला. चेंडू खांबाला लागला होता. मी सहाचा आकडा लावला आणि कुणाजवळ बोललो नाही. मिस्टर लिंडनर, मला माफ करा. ह्यूई, तूपण."

कुणाचा तरी चमचा बशीवर पडला. टोबिनने कागदांवरून मान वर केली नाही.

"झालं," नोरीन म्हणाल्या. "याला कुणी सांगितलं?"

"मी नाही," ह्यूई म्हणाला. "काल विचारायला आला होता. मी बन देऊन घालवला."

"काय?" टोबिन म्हणाला.

"अरे, मी मारला तो चेंडू! खांबाला लागलेला मला दिसणार नाही? मी शिवी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात झेंडे वर."

"कँटीनच्या खिडकीतून मला दिसलं," नोरीन म्हणाल्या.

"मलाही दिसलं," गॅव्हिन म्हणाला, "आणि मला तर अजून नियमही नीट माहीत नाहीत."

"मग मला कुणी का नाही सांगितलं?"

"कारण सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस," नोरीन म्हणाल्या. "सहा वर्षं वाचतेय तुझं. त्यात कधी खोटं अक्षर सापडलं नाही. तुझ्यापासून लपवायला या गावानं काय कसरत केलीय, तुला कल्पना नाही. तू दुकानात शिरलास की लोक हवापाण्यावर बोलायला लागायचे."

हशाची एक लाट उठली आणि मध्येच थांबली, कारण ऑस्कर लिंडनर उभे राहत होते. टेबलाची कड धरून, सावकाश.

"ऊन डोळ्यांत होतं," ते म्हणाले. "झेंडे वर केले आणि मग वरचा पक्षी उडालेला लक्षात आला. चुकलं होतं. पंचाला चूक तिथल्या तिथे सुधारता येते, म्हणून मी मैदानातल्या पंचाला हाक मारणार होतो. मागून हॉर्न ऐकू आले म्हणून जरा वळलो. मागे आमची मोटार. आणि आत ही, दोन्ही हातांनी हॉर्न दाबून बसलेली. शेजारी ब्रिमडेलच्या आणखी नऊ मोटारी, सगळ्या वाजत होत्या." त्यांनी बायकोकडे पाहिले. "चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय. ती हॉर्न वाजवत असताना मी काय बोलणार?"

"तू नियम बघत होतास," हेडविग म्हणाली. तिने हातातला काटा खाली ठेवला. "मी त्या बेकरीवाल्याचं तोंड बघत होते."

ह्यूईने समोरचा कागदी रुमाल उचलला आणि नाक शिंकरले, पहिल्यांदा बारीक, मग भोंग्यासारखे.

"गुणांच्या कार्डावर लिहिलं, सही झाली. आता निकाल बदलत नाही," ऑस्कर म्हणाले. "पण आढाव्यात मात्र खरं लिही. माझं नाव घालून लिही. मला चालेल." आणि ते खाली बसले.

टोबिनने खिशातले पेन काढले. शंभर माणसे समोर असताना त्याने कधी साधे नावही लिहिले नव्हते. आता तो टेबलावर ओणवा होऊन, घाई न करता, पानाच्या कोऱ्या भागात लिहू लागला. कप्तानाच्या मुलीने एकदा हुंकार दिला तेवढाच. मग तो सरळ झाला.

"चेंडू खांबाला लागला," त्याने वाचले. "ऑस्कर लिंडनर यांनी गोल दिला. ब्रिमडेलच्या दहा मोटारींनी हॉर्न वाजवले. आम्ही जिंकलो."

टाळ्या वाजल्या नाहीत. हेडविगने ऑस्करच्या बाहीवरचा पावाचा चुरा झटकला. नोरीन एकदम उठून स्वयंपाकघरात चहाचे बघायला गेल्या, आणि दारातच थांबल्या.

टोबिनने पान उलटले. पुढचे त्याला पाठ होते. त्याने कागद खाली ठेवला.

"दहावा सामना," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत सहज गेला. "एकशे बारा गुणांनी हरलो."

सगळा हॉल उठून उभा राहिला आणि असा ओरडला की खिडक्या थरथरल्या.