मशीनखालची अढी

आकाराम घोलप सिग्नल पलटणीतून हवालदार होऊन सुटला आणि अठ्ठ्याहत्तर साली सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात चिकटला. कॉलेजनं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट, आत पत्त्यांसारख्या ओळीनं लावलेल्या सर्किटच्या पाट्या. खोलीची जमीन लाकडी फळ्यांची, खाली हातभर पोकळ. एअर कंडिशनरचा गार वारा त्या पोकळीतून कपाटाच्या बुडात शिरायचा आणि तापून माथ्यावरनं बाहेर पडायचा. यंत्र पुसायचं, चालू-बंद करायचं आणि दिवसातून तीनदा तापमान वहीत लिहायचं, एवढंच आकारामचं काम.

थर्मामीटर भिंतीला टांगला होता, एअर कंडिशनरच्या बरोबर तोंडापुढं. तो बारमाही बावीस अंश दाखवायचा. तिथं गार वारा थेट आदळतो, ते खोलीचं तापमान न्हवं, हे आकारामनं विभागप्रमुख घोरपडे सरांच्या कानावर एकदा घातलं होतं. सर हसले होते. वर बावीस दिसतायत ना, मग बावीस लिहा, म्हणाले होते. आकारामनं लिहिलं. फौजेत वीस वर्षं हुकूम ऐकायची सवय लागलेली. हात आपोआप चालला.

एप्रिलच्या मध्याला यंत्र बिघडायला लागलं. सकाळी धडधाकट, दुपारी वेड्यागत. एकच बेरीज हजार वेळा करून बघायचा एक चाचणीचा कार्यक्रम होता. सकाळी हजारच्या हजार उत्तरं सारखी यायची, दुपारी दोनला त्यात पाच-सात चुकीची निघायची. घोरपडे सरांनी निदान केलं, की पाटी खराब आहे, कंपनीला पत्र लिहू. आकारामला ते पटेना. पाटी खराब असती तर सकाळीही चुकली असती. त्यानं यंत्र बंद केलं, कपाटाची दारं उघडी टाकली, तासभर थांबून पुन्हा चालू केलं. उत्तरं बरोबर आली. म्हणजे दुखणं उष्णतेचं होतं.

पण तापलंय ते किती, आणि का? हात लावून कळत नसतं. लोखंड पन्नास अंशांचं असो की साठचं, हाताला सारखाच चटका देतं. राजस्थानात वायरलेस सेट सांभाळताना त्याला हे शिकवलं होतं. त्यानं प्रयोगशाळेतनं दोन थर्मामीटर मागून आणले, एक कपाटाच्या बुडाशी बांधला, दुसरा माथ्यावर. खाली सव्वीस, वर सत्तेचाळीस. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं, की वरच्या-खालच्या आकड्यात दहा अंशांहून जास्त फरक पडता कामा नये. इथं एकवीसचा फरक. खालचा वारा गारच होता, कपाटाच्या बुडातले पंखेही फिरत होते, तरी वारा आत पोचत नव्हता. मधे काहीतरी अडलं होतं.

शिपाई हरिबाला हाताशी घेऊन त्यानं कपाटापुढची एक फळी उचलली.

आधी वास आला. गोड, आंबूस, नाकातून थेट पोटात उतरणारा. गेले आठ दिवस खोलीत काहीतरी वास मारत होता, त्याला वाटलं होतं हरिबाचं फडकं ओलं राहतंय. फळीखाली गवत पसरलं होतं आणि गवतात आंबे. अढी घातली होती अढी! पिकून फुटलेले, काळे पडलेले आंबे, त्यांचा चिकट रस तारांवर ओघळलेला, चिलटांचा थर, उंदरांच्या लेंड्या. उडालेलं गवत पंख्याच्या जाळीला चिकटून, रसानं भिजून, त्याचं जाडजूड कांबळं झालं होतं. आकारामनं ते नखानं ओढलं तर त्यातून अळ्या सांडल्या. खिडकीशी जाऊन तो थांबला, थुंकला, आणि परत आला.

"हे कुणाचं रं?"

हरिबानं मान खाली घातली. "सायबांचं. दोनशे आंबं हाईत. हितं झाकलेल्या जागी झटक्यात पिकत्यात म्हनं."

घोरपडे सर आले. आकारामला वाटलं होतं माणूस शरमेल. सरांनी खिशातला रुमाल काढला, फळीच्या कडेला उकिडवे बसले, आणि बरे आंबे एकेक पुसून टोपलीत ठेवायला लागले. रसानं त्यांची बोटं बरबटली होती. मधेच त्यांनी एक बोट चाटलं. उद्या कॉलेजच्या कमिटीचं जेवण आहे, आमरस करायचाय, म्हणाले. मग फिनेल टाकून घ्यायला सांगितलं. आणि हा विषय वहीत यायची गरज नाही, हेही.

दुसऱ्या दिवशी कमिटीच्या पंगतीला स्टाफलाही वाटी-वाटी रस मिळाला. लोक भुरके मारत होते. आकाराम ताट तसंच सोडून उठला.

त्याच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. पद्मावती मगदूम नावाच्या तरुण लेक्चरर बाईंनी मार्चअखेर आणि एप्रिलभर याच यंत्रावर एका पाण्याच्या टाकीची गणितं केली होती. आष्ट्यापलीकडच्या एका गावाची उंच टाकी, कोणत्या खांबाला किती लोखंड घालायचं त्याचा हिशेब. बाई बहुतेक दुपारीच यायच्या. सुरू करण्याआधी तापमानाची वही बघायच्या, आणि बावीस वाचून निर्धास्त बसायच्या.

तो त्यांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. आंबे, गवत, एकवीस अंशांचा फरक.

"आणि वही?" त्यांनी विचारलं.

"वही म्या लिवली. थर्मामीटर खोटा बोलतोय हे मला ठावं हुतं, बाई. आदीपासनं."

पद्मावतींनी खुर्ची थोडी मागं सरकवली, घाणीजवळनं माणूस सरकतो तशी. आकारामला ते सुरीसारखं लागलं.

कपाट स्वच्छ केल्यावर फरक नऊ अंशांवर आला. बाईंनी सगळी गणितं पुन्हा चालवली, शिवाय चार दिवस बसून हातानं ताडून पाहिली. दोन खांबांचं लोखंड जवळजवळ निम्म्यानं कमी धरलं गेलं होतं. नकाशे तर कंत्राटदाराकडं पोचलेही होते. दोघं एसटीनं त्या गावी गेले. खांबांच्या सळ्या बांधून झाल्या होत्या, काँक्रीट परवा पडायचं होतं. कंत्राटदार बराच कुरकुरला. बाईंनी कागद पुढं धरले आणि सळ्या वाढवून बांधेपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या.

कॉलेजात घोरपडे सरांनी अहवाल लिहिला, की यंत्रातला तांत्रिक दोष विभागाच्या दक्षतेमुळं वेळेत उघडकीस आला. आकारामच्या नावानं त्यांनी प्रशस्तिपत्रकही काढलं. ते हातात घेताना त्याला पुन्हा तोच आंबूस वास आल्यागत झालं. त्यानं कागद टेबलावर परत ठेवला. मग वही उघडली आणि मार्चअखेरपासूनच्या प्रत्येक नोंदीपुढं लाल शाईनं लिहिलं: 'हा आकडा खरा नाही.' खाली सही. एकशे दहा सह्या झाल्या.

पंधरवड्यात त्याची बदली वसतिगृहाच्या पंपाच्या खोलीत झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पद्मावती पंपाच्या खोलीशी आल्या. नवं गणित सुरू करायचं होतं, आणि यंत्रापाशी आता जो बसायचा त्याच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. आकारामनं स्टूल पुसून पुढं केलं. त्या बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच विचारलं, थर्मामीटर नेमके कुठं बांधायचे.

"एक बुडाला, एक माथ्याला. भिताडावरचा बघायचाच न्हाई. वजाबाकी तुमी स्वता करा."

त्यांनी ते लिहून घेतलं. दर किती वेळानं बघायचं तेही विचारलं. त्यानं स्टोव्हवर चहा टाकला होता. उतू जायला आला तेव्हा त्या म्हणाल्या, "नको, मला तास आहे," आणि निघून गेल्या.