चुन्याखालचं कलमदान

"ए पोरी, माझ्या अम्मीचा चुना खरवडणारी तू कोण गं?" मी कबरस्तानाच्या फाटकातूनच ओरडले.

सायली बांबूची काडी ठेवून उठली. शहागंजमागच्या आमच्या कबरस्तानातले जुने दगड जपायला ती पोरापोरींना घेऊन आलेली. "जमिलाखाला, चुन्याखाली दगड खराब होतोय. पाण्यानं मऊ करून हळूच काढतो आम्ही."

"खराब? दर शब-ए-बारातला मी स्वतः लावते तो!"

शेजारच्या मामूंच्या कबरीलाही लावायची मी, पण जरा नाक मुरडूनच. मामू म्हणजे अम्मीचे सख्खे भाऊ आणि माझे सासरे. अम्मी शेवटची आजारी पडली तेव्हा म्हणाले, "ईदचे पाव्हणे आहेत, उद्या जा." उद्या अम्मी नव्हती. महिन्याभरात मामूही गेले. आमच्यातल्या बाया मातीला जात नाहीत, म्हणून माझ्या नवऱ्यानं, गयासनं, नंतर दोघांच्या कबरी दाखवल्या. तेव्हापासून दर जुमेरातला, गुरुवारी, मी गुलाब वाहून अम्मीला तेच सांगते, तुझ्या भावानं मला येऊ दिलं नाय गं. दुसऱ्या कुणापुढं रडणार?

"हे बघा," सायली म्हणाली. चुना निघून वर दगडी कलमदान, लेखण्या ठेवायच्या पेटीचा आकार, दिसत होतं.

मी वाकून त्यावर बोट फिरवलं. आमच्या पाथरवट घराण्याची जुनी चाल आहे. बाप्याच्या कबरीवर कलमदान कोरतात, बाईच्या कबरीवर सपाट पाटी. माझ्याच चुन्यानं दोन्ही सारखे गोळे होऊन बसलेले.

"अहो!" मी माझ्यामागून आलेल्या गयासकडं वळले. "हे तर मामू!"

गयासनं डोकं खाजवलं. "मी फाटकाकडून कबरी मोजल्या बहुतेक. विहिरीकडून मोजायला पायजे होतं."

"या अल्ला! म्हणजे इतकी वर्षं मी मामूंची गाऱ्हाणी मामूंनाच सांगितली?"

सायली फिदीफिदी हसली. मलाही हसू आवरेना. हसता हसता कधी रडायला लागले, कळलंच नाय.

मग शेजारच्या कबरीपाशी बसले. चुन्यावर हात ठेवला. "अम्मी, उशीर झाला गं. घरी पाव्हणे होते."

वाहायला आणलेले गुलाब सगळे तिला वाहिले. मग त्यातला एक उचलून मामूंच्या कलमदानावर ठेवला. जिवंतपणी माझा एक शब्द ऐकला नव्हता त्यांनी. नंतर मात्र सगळं ऐकून घेतलं.