किल्लीनं सुरू झाली तरच

शामलाबाईंची अट साधी होती. गाडी सकाळी नऊच्या आत किल्लीनं सुरू झाली, तर त्या रुपरावांसोबत भेडाघाटला निघणार. नाही झाली, तर बहीण वंदनानं काढून ठेवलेल्या रेल्वेच्या तिकिटावर तिच्यासोबत जाणार आणि नर्मदेचा धबधबा नवऱ्याशिवाय बघणार. धक्का मारून सुरू केलेली गाडी चालणार नव्हती. "जबलपूरच्या रस्त्यात धक्का माराले सारी गल्ली सोबत नेता का?" असं त्यांनी आदल्या दिवशीच विचारलं होतं.

भेडाघाट दाखवायचं रुपरावांनी लग्नाच्या वर्षीच कबूल केलं होतं. त्याला बत्तीस वर्षं झाली. पण रुपराव पडले हिंगण्याच्या कारखान्यात मेंटेनन्सचे फिटर. कारखान्याला सुट्टी लागली, की यांच्या मशिनी उघडायच्या. सगळे लोक फिरायला निघत तेव्हा हे कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेची पोरं वाहून थकलेली एक जुनी डिझेल व्हॅन घेतली आणि आठ महिने खपून तिचं चाकांवरचं घर केलं. आत घडीचा पलंग, शेगडी, भांडी घासायला छोटं सिंक. शामलाबाई उमरेडच्या विणकराच्या घरच्या, त्यामुळे पडद्यांना माहेरच्या मागावरचं कापड. गाडीत सगळं होतं. फक्त ती सुरू होत नव्हती.

दसऱ्यापर्यंत बरी होती. दसऱ्यानंतर मात्र किल्ली फिरवली की 'टक्' एवढाच आवाज, पुढे काही नाही. रुपरावांनी नवी बॅटरी आणली. टक्. स्टार्टर उतरवून ओट्यावर तपासला. तिथे तो असा भन्नाट फिरला की शामलाबाई चहा सोडून बाहेर आल्या. परत गाडीत बसवला, टक्. मग नागपूरच्या थंडीवर ठपका ठेवून हीटर प्लग बदलले, डिझेलच्या नळीत हवा शिरली म्हणून तीही काढली. अहो, जे इंजिन मुळात फिरतच नाही, त्याला डिझेल पोचतं की नाही याची चौकशी आधी कशाला? पण माणूस चिडला की हाताला लागेल तो नट खोलतो, आणि रुपराव चांगलेच चिडले होते.

धक्का मारला की मात्र गाडी सुरू व्हायची. त्यामुळे सकाळी फिरायला निघणाऱ्या मंडळींनी आपला रस्ता बदलून टाकला होता.

रुपरावांना एक जुनं दुखणं होतं. त्यांच्या हातून चूक म्हणून कधी होतच नसे. खिळा वाकडा गेला तर वीट खराब, दूध उतू गेलं तर बर्नर खराब. 'माझं चुकलं' हे दोन शब्द शामलाबाईंनी संसारात एकदाही ऐकले नव्हते. शेजारचे बाबनराव, बस चालवून निवृत्त झालेले, दीड महिन्यापासून एकच सांगत होते, "अर्थिंग पाह्य गा, रुपराव."

"तो नट मी सोता कसला आहे," रुपराव म्हणत. विषय संपला.

अटीच्या दिवशी सकाळी आठला बाबनरावांनी आपली जुनी जीप व्हॅनला खेटून उभी केली आणि दोन्ही बॅटऱ्यांना वायर जोडली. व्हॅनकडचा लाल चिमटा बॅटरीला, आणि काळा चिमटा डेपोतल्या सवयीप्रमाणे इंजिन उचलायच्या लोखंडी हुकाला. रुपरावांनी किल्ली फिरवली. व्हॅन एका झटक्यात सुरू झाली.

"झाली!" रुपराव ओरडले.

"हे बाबनरावच्या गाडीनं झालं," शामलाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "वायर काढा अन् मंग दाखवा."

वायर काढली. टक्.

साडेआठ वाजले. शामलाबाईंनी पिशवी बाहेर आणून ठेवली. त्यात चिवडा आणि दोन माणसांपुरत्या दशम्या होत्या.

"मी एक विचारू?" शामलाबाई म्हणाल्या. "तुमची बॅटरी कोरी करकरीत, अन् बाबनरावची चार वर्षांची. मंग त्याइच्या बॅटरीनं होते, अन् आपल्या बॅटरीनं काहून नाही होत?"

रुपराव त्यांना काहीतरी सुनावणार होते, पण मध्येच वळून त्यांनी इंजिनाच्या हुकाकडे पाहिलं. जास्तीचं असं काय आलं होतं जीपकडून? बॅटरी तर यांच्याकडेही होती. जास्तीची आली होती ती एक काळी वायर, थेट इंजिनाच्या लोखंडाला.

त्यांनी बाबनरावांची काळी वायर घेतली. एक टोक आपल्याच बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरं इंजिनाच्या हुकाला. किल्ली फिरवली आणि व्हॅन धडाडून उठली.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इंजिन बंद करून रुपराव गाडीखाली शिरले आणि इंजिनातून येऊन चासीवर कसलेल्या, वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा नट त्यांनी खोलला. पट्टीखाली चंदेरी रंग चकाकत होता.

कारखान्यात दसऱ्याच्या पूजेआधी मशिनींना रंग द्यायची रीत होती. तीस वर्षांची सवय. यंदा व्हॅनलाही त्यांनी खालून-वरून दोन हात चंदेरी रंग दिला होता, कुठे सुटू नये म्हणून पट्टी काढून, आणि वाळल्यावर नट मस्त आवळला होता. रंगातून वीज जात नाही, हे कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या फिटरला त्यांनीच शिकवलं होतं.

रुपरावांनी पॉलिश पेपरनं रंग घासून लोखंड उघडं केलं, पट्टी कसली आणि वर आले. नऊला सात मिनिटं कमी होती. किल्ली फिरवताच व्हॅन सुरू झाली, आणि लटकणारी वायर कुठेच नव्हती. शामलाबाईंनी वाकून दोन्ही बाजूंनी खात्री करून घेतली. मग पिशवी घेऊन त्या शेजारी येऊन बसल्या.

"काय होतं?" त्यांनी विचारलं.

रुपरावांकडे तीन उत्तरं तयार होती. बॅटरीवाल्यानं चिमटा ढिला ठेवला. थंडी. उंदीर. उंदीर तर छानच होता, त्याची बाजू घ्यायला कोणी येणार नव्हतं. पण मागे ते माहेरचे पडदे हलत होते, आणि बाईनं रात्री जागून शिवले होते ते. रुपरावांना स्वतःची लाज वाटली.

"माझं चुकलं," ते पुटपुटले. "रंग मीच देला होता."

"काय म्हणता? या आवाजात काही समजून नाही राहिलं. गाडी बंद करा अन् सांगा."

"बंद नको करू गा!" बाबनराव बाहेरून ओरडले. "नऊ होऊन राहिले!"

रुपरावांनी घड्याळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि किल्ली उलटी फिरवली. गल्ली एकदम शांत झाली.

"माझं चुकलं," ते खणखणीत म्हणाले. "अर्थिंगच होतं. पट्टीखाली रंग मी लावला."

बाबनरावांनी जीपच्या बॉनेटवर थाप मारली. शामलाबाईंनी पदर सावरला. "करा सुरू," त्या म्हणाल्या.

टक् झालं नाही. गाडी पहिल्या फेऱ्यालाच उठली, आणि शामलाबाईंनी वंदनाला फोन लावून तू एकटीच ये म्हणून सांगितलं.

कन्हानचा पूल ओलांडल्यावर त्यांनी रुपरावांच्या हातात चिवडा ठेवला. "ऐकू तर मले पहिल्याच वेळी आलं होतं," त्या म्हणाल्या.

"मंग गाडी काहून बंद कराले लावली वं?"

"बाबनरावले ऐकू गेलं नव्हतं. दीड महिन्यापासून सांगून राहिले होते बिचारे."