नसलेले बटाटे

दुसऱ्या अंकातल्या त्याच लांबलचक भाषणात हेस्टर ब्रॅमली तिसऱ्यांदा अडकली, तेव्हा दिग्दर्शक रूपर्टने तिला बाजूला घेतलं.

"हेस्टर, कानात घालायचं एक छोटं यंत्र येतं. विंगेतून कुणीतरी वाक्यं सांगेल. प्रेक्षकांना पत्ताही लागणार नाही."

"मला लागेल ना!"

"मग उद्याच्या रंगीत तालमीत एकदा जरी अडखळलात, तरी भूमिका फिलिपाकडे जाईल. तिचं सगळं पाठ आहे."

फिलिपा म्हणजे राखीव नटी. वय एक्कावन्न, गालांवर सुरकुत्या रंगवून म्हातारी होणारी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या हेस्टरला त्या रंगवाव्या लागत नव्हत्या, एवढीच काय ती तिची जमेची बाजू उरली होती.

"निदान एक टेबल तरी द्या मला," ती म्हणाली.

"एक खुर्ची दिली आहे. बाकी रंगमंच रिकामा हवा. तोच तर आपला विचार आहे." आणि जाता जाता तो सहायकाच्या कानात 'नाचता येईना, अंगण वाकडं' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला. हेस्टरचं पाठांतर डळमळलं असेल, कान शाबूत होते.

या पोराला कोण सांगणार, की बाई एकोणिसाव्या वर्षापासून याच अंगणात वाढली होती! यॉर्कशरमधल्या तिच्या नाटकमंडळीत दर सोमवारी नवं नाटक लागायचं. संध्याकाळी एकाचा प्रयोग, सकाळी दुसऱ्याची तालीम. पुढे सिनेमात नर्सा आणि मोलकरणी झाल्या, मग टीव्हीवर अठरा वर्षं एका पोलीस अधिकाऱ्याची खाष्ट आई. ते काम सोपं. दोन वाक्यं पाठ करायची, कॅमेऱ्यापुढे टाकायची, विसरायची. पैसा आला, नाव झालं आणि डोकं आळसावलं. हे नाटक तिने स्वतःहून मागून घेतलं होतं. मरायच्या आधी पुन्हा एकदा दोन तास सलग कुणीतरी व्हायचं होतं तिला.

नाटक लागणार होतं त्या स्कारबरो गावात ती डोरीनकडे उतरली होती. डोरीन गेली चाळीस वर्षं नटमंडळींना खोल्या देत होती आणि कुणाचंही कौतुक करत नव्हती.

"मी नाटकाची वही धरते, तू बटाटे सोल," त्या संध्याकाळी डोरीन म्हणाली. "फुकट नाही हं वाचणार मी!"

हेस्टर सोलता सोलता बोलायला लागली. साल बादलीत, बटाटा पातेल्यात. भाषण संपलं तेव्हा डोरीनने वही मिटली.

"कुठे चुकले गं?"

"कुठेच नाही. पण बाई माझे, इतके बटाटे खाणार कोण?"

हेस्टर खदाखदा हसली. तिला सगळं उमगलं होतं. जुन्या मंडळीत ती असंच तर पाठ करायची. या शब्दाला कप उचलायचा, त्या शब्दाला दूध ओतायचं. शब्द तिच्या डोक्यात कधी नव्हतेच, हातात होते. रूपर्टने टेबल-कपबशा हलवल्या आणि त्यांच्याबरोबर तिचं पाठांतरही उचलून नेलं. अंगण खरोखरच वाकडं होतं.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालमीत फिलिपा वही घेऊन पहिल्या रांगेत बसली. हेस्टर खुर्चीत टेकली, तिने नसलेली बादली पायाने जवळ ओढली, नसलेली सुरी बोटाने तपासली आणि बोलू लागली. समुद्रात गेलेल्या नवऱ्याची हकिकत ती मुलाला सांगत होती. साल गोल गोल उतरत होती. होडी रिकामी परत आली तिथे सुरी थांबली, आणि मग पुन्हा चालू झाली, कारण जेवण तर करायलाच हवं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मुलाचं काम करणारा नेव्हिल ठरल्याप्रमाणे तिच्या पुढून तरातरा निघाला.

"बादली!" हेस्टर कडाडली.

सहा फुटी नेव्हिल टुणकन बाजूला उडाला आणि खाली बघू लागला. फळ्यांवर काहीच नव्हतं. फिलिपा वहीत तो शब्द शोधू लागली. रूपर्ट उठून पुढे आला.

"हा शब्द नाटकात नाही, हेस्टर."

"नाही," हेस्टर म्हणाली. "पण बादली आहे."

रूपर्टने वाकून त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग त्याने ध्वनिवाल्याला ते कानातलं यंत्र परत पाठवायला सांगितलं आणि नेव्हिलवर खेकसला,

"आणि तू रे, उद्या वळसा घालून जा. दिसत नाही का तुला?"