बदलीवर गेलेली मान

संप होऊन वीस वर्षं उलटली, गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, तरी बुधाजीचं डोकं अजून सूत कातायच्या रिंग खात्यातच कामाला होतं. रॉकेलच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला की तो शेजारच्या भिवाला म्हणायचा, "आज माझी बदली मार रे." गिरणीत कामगाराला रजा हवी असली की त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा. मशीन चालू राहिलं म्हणजे झालं, माणूस कोण का असेना. जगातलं सगळं असंच चालतं, याबद्दल बुधाजीला शंका नव्हती.

परळच्या एका इस्पितळात तो दर तीन महिन्यांनी जायचा. तिथं डॉक्टर सरोजिनीबाई ब्लडप्रेशरच्या एका गोळीचा अभ्यास करत होत्या आणि बुधाजीचं नाव त्यांनी त्यात घेतलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या मानेला मशीन लावलं आणि सांगितलं, "बाबा, गोळीनं प्रेशर उतरतं ते आम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या मानेतल्या शिरेत आतून चरबीचा थर बसलाय आणि त्या थराला सूज आहे. असा थर फुटला की रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाते. ही गोळी ती सूजही उतरवते का, ते बघायचंय."

"सूज असती तर दुखली असती, बाई."

"तीच तर पंचाईत आहे. ती दुखत नाही."

हे वाक्य बुधाजीला लागलं. त्याची बायको सुंदराबाई असंच म्हणायची. "मला काय दुखत नाय, खुपत नाय, मग गोळ्या कशाला?" प्रेशरच्या गोळ्या फळीवर राहिल्या आणि एका सकाळी ती मोरीपाशी पडली ती उठलीच नाही. तेव्हापासून बुधाजी रोज गोळी घ्यायचा आणि फळीकडे बघायचं टाळायचा.

आता झालं असं, की इस्पितळाची तारीख आणि सुंदराबाईच्या पहिल्या वर्षाचं पुण्यानुमोदन एकाच दिवशी आलं. सून मालन म्हणाली, "मामा, फोन करून तारीख बदलून घ्या की."

"पाळी कधी बदलतात का?" बुधाजी म्हणाला. "नाव कापतील."

तो वरळी कोळीवाड्यात जाऊन रघूला भेटला. रघू त्याचा गिरणीतला दोस्त. संप होईपर्यंत तो बदलीतच राहिला, कामगार भरणाऱ्या जॉबरनं त्याला कधी परमनंट केलं नाही. बुधाजीनं इस्पितळाचं कार्ड त्याच्या हातात दिलं. कार्डावर फोटो नव्हता.

"काय करायचं असतं?" रघूनं विचारलं.

"काय नाय. पडून राहायचं. मानेला थंडगार मलम लावतात नि मशीन फिरवतात. आणि मीठ खाता का विचारलं, तर नाय म्हणायचं."

"हे मात्र जड आहे," रघू म्हणाला. त्याच्या पिशवीत तेव्हाही सुके बोंबील होते.

पुण्यानुमोदनाला चाळीतली माणसं पांढरे कपडे घालून जमली. सुंदराबाईच्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या. भिवा बौद्धाचार्य होता, त्यानं पंचशील सांगायला सुरुवात केली. सगळे मागून म्हणत होते. चौथं शील आलं, "मुसावादा वेरमणी." खोटं बोलणार नाही. नेमका त्याच वेळी रघू परळला बुधाजी होऊन पडला असणार, हे बुधाजीच्या ध्यानात आलं आणि त्याला असा ठसका लागला की मालन पाणी घेऊन धावली. भिवा थांबला. बुधाजीला बरं वाटल्यावर त्यानं चौथं शील पहिल्यापासून घेतलं. बुधाजीला पुन्हा ठसका लागला.

लोक खीर खात होते तेव्हा रघू आला. आधी त्यानं दोन वाट्या खीर संपवली. मग बुधाजीला हाताला धरून गॅलरीत नेलं.

"बुधाजी, मन घट्ट कर."

"का रे?"

"तुझी शीर गेली."

"कुठं गेली?"

"कामातून गेली. सत्तर टक्के बंद. प्रेशर एकशे नव्वद. नवीन पोरगा डॉक्टर होता, तीन वेळा बुधाजी, बुधाजी करून ओरडला. मी आपला इकडंतिकडं बघतोय, कोण हा बहिरा उठत नाय म्हणून. मग मशीन लावलं नि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, आजच्या आज भरती व्हा. मी म्हटलं, मुतून येतो, आणि सटकलो. चल, तुझी बॅग भरू."

बुधाजी त्याच्याकडं बघत राहिला. "रघ्या, मशीन कुणाच्या मानेला लावलं?"

"तुझ्या."

"मी इथं खीर वाढत होतो!"

"मान माझी असेल, पण पाळी तुझी होती ना? मग शीर तुझीच."

"अरे, शीर कशी माझी?"

"कार्डावर नाव कुणाचं?"

आवाज चढले तशी माणसं गॅलरीत आली. भिवानं दोन्ही बाजू नीट ऐकल्या, कारण तोही गिरणीचाच. मग म्हणाला, "कायद्यानं बघितलं तर रघूचं बरोबर आहे. बदलीवाल्यानं सूत बिघडवलं तरी बोलणी ज्याच्या नावावर मशीनची साईड त्यालाच बसायची."

"बघ!" रघू म्हणाला.

"भिवाकाका, तुम्ही गप बसा," मालन म्हणाली. "रघूकाका, मागच्या आठवड्यात आमच्याकडं तुमच्या हातातनं कप पडला होता. आठवतं? बोटं लाकडासारखी झाली म्हणालात."

"वारा लागला होता. लगेच बरा झालो. मला काय दुखत नाय, खुपत नाय."

पडायच्या आधी एकदा सुंदराबाईच्या हातातूनही अशीच पळी सुटली होती, ते बुधाजीला आठवलं. तेव्हाही ती हसली होती आणि तोही हसला होता. आता याला ओढून न्यावं, तर हा अंगानं आडदांड कोळी. पाया पडावं, तर हा खोखो हसेल. बुधाजीनं डोकं खाजवलं आणि आवाज एकदम मऊ केला.

"रघ्या, तू परमनंट का नाय झालास रे?"

"जॉबर दर दिवाळीला म्हणायचा, पुढल्या दिवाळीला. मग संपच झाला."

"मग ऐक. इस्पितळातली माझी जागा मी सोडली. आजपासून त्या कार्डावर तू परमनंट. भिवा साक्षीला आहे."

भिवानं मान डोलावली. रघूनं नकळत शर्टाची वरची गुंडी लावली.

"खरंच?"

"खरंच. मान तुझी, शीर तुझी, गोळ्या पण तुझ्या. पण आत्ताच्या आत्ता हजर व्हायला लागेल. नायतर दुसरा उभा आहे गेटवर."

"कोण दुसरा?" रघूनं दचकून मागं पाहिलं. तो चपला घालायला धावला.

इस्पितळात डॉक्टर सरोजिनीबाई दारातच भेटल्या. त्यांचे केस विस्कटले होते. "बाबा! होतात कुठं? तीन महिन्यांत शीर इतकी बंद झाली! माझ्याच गोळीनं सूज वाढवली असं मी वर कळवायला निघाले होते!"

बुधाजीनं रघूला पुढं केलं आणि सगळं सांगितलं. मध्येच ठसका येईल असं वाटलं, पण आला नाही. बाईंनी दोघांनाही आडवं करून मशीन फिरवलं. बुधाजीच्या शिरेतला थर होता तसाच पातळ होता. मग त्या खुर्चीत बसल्या.

"बदली?" त्या म्हणाल्या. "मानेची बदली? अहो, हा अभ्यास आहे! उद्या मी जगाला काय सांगणार होते?"

"चुकलं, बाई."

"तुमचं नाव अभ्यासातून गेलं. आणि हे तर त्यात घेताच येणार नाहीत."

"म्हणजे लागलो नि लगेच टाळेबंदी?" रघूनं विचारलं.

"टाळेबंदी नाही. तुम्ही भरती होताय. आधी प्रेशर हळूहळू खाली आणू, रक्त पातळ ठेवायची गोळी देऊ. शीर साफ करायला ऑपरेशन लागेल का, ते सर्जन उद्या ठरवतील. आणि या पिशवीला कसला वास येतोय?"

पिशवी सिस्टरनं दोन बोटांनी धरून बाहेर नेली. रघू पिशवीकडं आई गावाला चालल्यासारखं बघत राहिला.

रघूला वॉर्डात खाट मिळाली. सिस्टरनं गोळी दिली, बुधाजीनं पाण्याचा पेला धरला. रघूनं गोळी तळहातावर घेऊन उलटीसुलटी केली.

"गिळली की काय होतं?"

"काय होत नाय."

"मग लागू पडली ते कळणार कसं?"

"कळतच नाय. तरी रोज घ्यायची."

"हे काय औषध झालं?"

"सुंदरा पण हेच म्हणायची," बुधाजी म्हणाला.

गोळी तोंडात टाकून रघूनं सगळं पाणी प्यायलं आणि लहान पोरासारखा मोठा आ करून दाखवला. बुधाजीनं वाकून नीट बघितलं. मग म्हणाला, "जीभ उचल."