नास्तिकाच्या गाडीचा नमस्कार

आरे-वाऱ्याच्या उतारावर त्या दिवसांत एवढी माणसं जमायची, की शहाळीवाल्याने आपली हातगाडी तिथेच आणून लावली. समुद्राकडे कोणी बघत नव्हतं. सगळे वळणाकडे तोंड करून उभे. तिथून माझी गाडी खाली येणार होती, गावच्या राखणदार देवाच्या घुमटीपाशी नाक वाकवणार होती आणि शेपूट फिरवून देवापुढे उभी राहणार होती.

मी सुहास. हायस्कुलात मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव चमत्कारांमागचं विज्ञान सांगत फिरतो. नारळातून केस काढून दाखवतो, पाण्याने दिवा पेटवतो आणि शेवटी छाती पुढे काढून ‘प्रश्न विचारा’ असं बजावतो. आमच्या आजोबांनी छप्पन सालानंतर घरातले देव बाहेर काढले, ते पुन्हा आत आले नाहीत. अशा घरातल्या माणसाची गाडी राखणदाराला नमस्कार घालते म्हटल्यावर गर्दी व्हायचीच. गाडी दुसऱ्याची असती तर मीही गेलो असतो.

घुमटीचा स्वयंघोषित मालक बाबल्या भगत. तो रोज सकाळी देवाची वेस म्हणून रस्त्यावर मंतरलेली रेती आडवी पसरायचा. माझी गाडी पहिल्यांदा गर्रकन फिरून त्याच्यासमोर थांबली, तेव्हा तो उडी मारून उठला आणि त्याने तिथल्या तिथे गाऱ्हाणं घातलं.

“बा म्हाराजा, ह्यो पोर शिकून शिकून कामातनं गेला!”

“व्हय म्हाराजा!” जमलेले ओरडले.

“तुला पाठ दाखवून भाषणं ठोकतोय!”

“व्हय म्हाराजा!”

“म्हणून तू त्येची गाडीच फिरवलीस!”

“व्हय म्हाराजा!” यात शहाळीवाल्याचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मी काच वर करून बसलो. त्या वळणावरून एसटी सरळ जाते, चिऱ्यांचा ट्रक सरळ जातो, मुंबईचे पाहुणे गाणी लावून सरळ जातात. फिरायची ती एकट्या माझीच. मी वेग कमी करून पाहिला, गाणं बंद करून पाहिलं, एकदा तर डोळे मिटावेसे वाटले. शेवटी कुणाला न सांगता डिकीत एक नारळही ठेवला. बायकोने विचारलं तेव्हा चटणीसाठी म्हणालो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला तेव्हा किरकोळ वाटली होती. गाडी जुनी, चाकं अडू न देणारं एबीएस नसलेली. इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढे. मागे नुसती डिकी आणि माझी हौस. त्याच सुमारास रितेशच्या गॅरेजात मी तिचे मागचे ड्रम ब्रेक काढून पुढच्यासारखेच दणदणीत डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. “सर, चारी चाकांना सारखा ब्रेक. एकदम समतोल!” रितेश म्हणाला, आणि त्या शब्दावर मी भाळलो. जुन्या पाइपांतून एक गंजकी वस्तू निघाली. हा वॉल्व्ह मागच्या ब्रेकचा जोर अडवतो, असं त्याने सांगितलं. “मग काढ,” मी म्हणालो. अडवणाऱ्या गोष्टींवर माझा पहिल्यापासून राग. दोघांनीही त्या वॉल्व्हला तो का अडवतो, हे विचारलं नाही. मी तर प्रश्न विचारा म्हणून गावोगाव ओरडणारा माणूस!

खरं पाप मात्र पुढे घडलं, आणि ते माझ्या तोंडून.

आमच्या शेजारच्या खारवीवाड्यातल्या यमुनाबाई मासळी विकतात. नवरा होडीवर गेला तो परत आला नाही, त्याला बरीच वर्षं झाली. उताराखालच्या वाडीत त्यांची गिऱ्हाइकं. शाळेला जाताना मी त्यांना अधूनमधून गाडीत घ्यायचो, पाट्या डिकीत. माझ्या लक्षात आलं, की त्या असल्या की गाडी शहाण्यासारखी सरळ जाते. एवढं शास्त्रीय निरीक्षण पोटात ठेवणार कसं? चहाच्या टपरीवर मी हसत हसत बोलून गेलो, “यमुनाबाई बसल्या की राखणदार गप्प!”

दुपारपर्यंत बाबल्याने त्याचा अर्थ लावला. बाईने राखणदाराला बांधून ठेवलान. बाई साधी नाय. कुणाच्या तरी म्हशीने दूध चोरलं, कुणाचं पोर तापलं, सगळं यमुनाबाईंच्या नावावर जमा झालं. वाडीतली दारं लागायला लागली. वीस वर्षं त्यांच्याकडून बांगडे घेणाऱ्या कमळाकाकूंनीही आतूनच ‘नको’ म्हणून सांगितलं. पाटी भरलेली परत येऊ लागली. मासळी काही थांबत नाही. बाईंनी ती माडांच्या मुळाशी पुरली.

हे आमच्या आम्रपालीला कळलं. आम्रपाली म्हणजे माझी बायको, त्याच शाळेत विज्ञान शिकवते. ती भडकली.

“टपरीवर तू बोललास?”

“गमतीने गं.”

“त्या बाईची चूल विझली, नि तुझी गंमत! बरं सांग, त्या गाडीत असतात तेव्हा आणखी काय असतं?”

“पाट्या. बर्फ. मासळी.”

“म्हणजे वजन. कुठे?”

“मागे.”

“आणि हे तुला सुचलं नाही?”

“मला राखणदार सुचला होता,” मी खरं ते सांगितलं.

रविवारी घुमटीपुढे कौल लावायचा होता. यमुनाबाईंनी सगळ्यांसमोर कबूल व्हायचं, बांधलेलं सोडायचं, नाहीतर वाडीत पाटी उतरवायची नाही, असा बाबल्याचा हुकूम. अख्खी वाडी लोटली होती. यमुनाबाई पदर घट्ट धरून उभ्या होत्या. बाबल्या गरजला, “बाये, सोडतंस का नाय?”

“सोडते की,” त्या म्हणाल्या. “माजी पाटी चालू दे म्हंजे झालं. फकस्त काय बांधलंय तेवडं सांगा.”

तेवढ्यात आम्रपाली पुढे झाली. “कौल नंतर. आधी गाडी येऊ दे. सगळे बांधावर चढा.”

मी रिकामी गाडी वरून आणली, घुमटीपाशी ब्रेक दाबला. नाक वाकलं, शेपूट फिरलं, देवदर्शन झालं. “बगा!” बाबल्या नाचला. मग आम्रपालीने कडेला कुंपणाच्या गडग्यासाठी रचलेले चार चिरे डिकीत ठेवायला लावले. मी पुन्हा वर गेलो, तसाच आलो, तसाच ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. यमुनाबाई तर बांधावर उभ्या होत्या.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. बाबल्या मात्र हार मानणारा नव्हता. “चिऱ्यांवर तिची सावली पडली व्हती!”

“बरं,” आम्रपाली म्हणाली. “चिरे काढते. तुम्ही बसा. तुमच्यावर काही कुणाची सावली पडणार नाही. तुमचे दोन चेलेही घ्या.”

बाबल्याने आधी उपास, मग कंबर, मग मुहूर्त अशी कारणं सांगून पाहिली. लोकांनीच त्याला मागच्या सीटवर कोंबलं. चेले आडव्या अंगाचे, भगत त्यांच्यामध्ये चेपलेला, तोंडाने मंत्र. मी ब्रेक दाबला. गाडी निमूट, सरळ थांबली.

“अरं, राखणदार बाबल्याला घाबरला!” शहाळीवाला ओरडला. “सोड बाबल्या, बांधलंस ते सोड!” बांधावर हशा पिकला. यमुनाबाई हसल्या नाहीत.

आम्रपालीने सगळ्यांना विचारलं, “एसटीने ब्रेक मारला की तुम्ही कुठे जाता?”

“पुढं!”

“गाडीचं वजनही तसंच पुढे जातं. म्हणून नाक वाकतं. तो नमस्कार नाही. मागची चाकं हलकी होतात, आणि हलक्या चाकाला थोडाच ब्रेक पुरतो. कंपनीने म्हणूनच तिथे जोर कमी ठेवलेला असतो. आमच्या विद्वानांनी तो पुढच्याएवढा केला. चाक फिरायचं थांबलं आणि या रेतीवर घसरलं.” तिने पायाने मंतरलेली रेती बाजूला सारली. “घसरणारं चाक गाडीला सरळ धरू शकत नाही. घुमटी वळणाच्या आतल्या अंगाला आहे, म्हणून तोंड तिकडे होतं. मागे वजन ठेवलं की चाक रस्ता धरून राहतं. मग ते चिऱ्यांचं असो, भगताचं असो, नाहीतर बांगड्यांचं.”

बाबल्या चेल्यांसकट कधी सटकला, कळलंही नाही. गाडी तिथेच ठेवून रितेशला बोलावलं. त्याने जोर कमीजास्त करता येणारा वॉल्व्ह बसवला आणि मोकळ्या मैदानात पुन्हा पुन्हा तपासून पुढची चाकं आधी, मागची जरा नंतर अडतील असं जुळवलं. सारखं म्हणजे समतोल नव्हे, हे आम्हा दोघांना त्या दिवशी कळलं.

मी यमुनाबाईंची माफी मागायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“गाडीचं समजलं, मास्तर. चाकाचं पण समजलं. पण उद्या माजी पाटी कोण उतरवणार? लोकं आज हसली. हसण्यानं दार उघडत नाय.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागून वाडीत फिरलो. पाटी माझ्या डोक्यावर, बर्फाचं पाणी शर्टात, आणि मागे माझेच विद्यार्थी. दारोदारी थांबून सांगत होतो, “दोष माझ्या ब्रेकचा होता नि माझ्या जिभेचा. बाईंचा काही नाही.” पहिली दारं उघडली नाहीत. कुणी खिडकीतून बघितलं, कुणी ‘आज वार आहे’ म्हणालं. माझं विज्ञान घामासारखं गळत होतं.

मित्रांनो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी खाली वाकून चाक बघा. आणि चाक समजलं नाही तर ‘समजलं नाही’ म्हणा, त्यात लाज कसली? पण न समजलेल्या गोष्टीला जवळच्या बाईचं नाव देऊ नका. गाडी फिरली तर वॉल्व्ह बसवता येतो. माणसावरचा आळ काढायला दारोदार फिरावं लागतं, आणि तरी सगळी दारं उघडत नाहीत.

कमळाकाकूंचं दार उघडलं. त्या उंबऱ्यात येऊन खाली बसल्या. एक बांगडा उचलून त्यांनी कल्ला उघडून बघितला.

“ताजे हायत?”

“सकाळचे हायत.”

“डोळे बगितलेस ह्येचे? नि भाव केवडा सांगतंस गं, यमुने! लुटायला बसलीस काय?”

“परवडत नसंल तर ठेव खाली!” यमुनाबाई कडाडल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला.